जपान, अमेरिका आणि गोजरबाईची रसवंती

आमची स्नेहल शाळा सुटल्यावर काहीही करत नाही, ही गोष्ट उभ्या श्रीरामपुरात सर्वांत आधी खर्डे सरांच्या लक्षात आली. गहिनीनाथ खर्डे सर आमच्या समोर राहतात. निवृत्त मुख्याध्यापक आहेत. निवृत्त मुख्याध्यापकाला संध्याकाळी गॅलरीत बसून दुसऱ्यांच्या पोरांवर नजर ठेवण्यावाचून इलाज नसतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की पाहिलेलं ते सांगतात.

"पटारे," त्यांनी मला फाटकापाशी गाठलं, "तुमची कन्या नववीत ना? शाळेतून येते, दप्तर टाकते आणि पायरीवर बसून शेंगदाणे खाते. पार दिवेलागणीपर्यंत. रोज बघतोय मी."

"भूक लागते तिला," मी म्हणालो.

"भुकेचं नाही बोलत मी, वेळेचं बोलतोय. आमचा ओंकार याच वेळात लातूरला एक अख्खा पेपर सोडवतो."

ओंकार हा सरांचा धाकटा. गेल्या वर्षी त्याला लातूरच्या निवासी क्लासला टाकला. आमच्याकडे नुसतं लातूर म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. सर म्हणाले, ओळखीचे हॉस्टेलवाले आहेत, मुलींचीही सोय आहे, पाडव्यापर्यंत कळवा, नंतर जागा राहत नाही.

मी घरी येऊन हे शुभांगीच्या कानावर घातलं. ती पोळ्या लाटत होती, स्नेहल बाजूला ताटं पुसत होती. लाटणं थांबलं. मग म्हणाली, "बघू या." मीही म्हणालो, "बघू या." आता खरं सांगायचं तर पोरगी घरातून जाणार ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. पण शुभांगीनं मनावर घेतलेलं दिसत होतं, आणि मुलीच्या भवितव्याआड येणारा बाप म्हणून मला ओळखलं जायचं नव्हतं. तेव्हा मी वेगळी वाट काढायची ठरवली. शाळेनंतरचा वेळ घरच्या घरी सत्कारणी लागतोय असं दाखवून दिलं, की लातूरचं नाव आपोआप मागं पडेल. मी पाटबंधारे खात्यात आहे. प्रश्न न सोडवता मागं कसा पाडायचा, याचा मला दांडगा अनुभव आहे.

माझा धाकटा भाऊ आदिनाथ जपानमध्ये नागोयाला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. शुभांगीचा भाऊ रामहरी अमेरिकेत, ह्यूस्टनला. तिथं त्याला सगळे हॅरी म्हणतात आणि तो म्हणू देतो. आमच्या घरात त्यामुळे कुठलाही विषय निघाला की जपान विरुद्ध अमेरिका असा सामना सुरू होतो. जपान माहेरचं नसल्यामुळे बहुधा हरतं. या वेळी मात्र मी आधी फोन लावला.

"दादा, इथं शाळा सुटली म्हणजे सुटली असं नसतंच," आदिनाथ सांगू लागला. "आधी पोरं स्वतः वर्ग झाडतात, फरशी पुसतात. मग क्लब. कुणाचा व्हॉलीबॉल, कुणाचा बँड. एकदा धरला की तोच, रोज, सुट्टीत पण. मोठ्या वर्गातल्या पोरांना धाकट्यांनी मान द्यायचा, त्यांचं ऐकायचं. अंधार पडला की घरी. काही जण त्यानंतर पुन्हा क्लासला जातात."

"वा!" मी म्हणालो. "आणि मग तुझी सई तुला कधी दिसते?"

"दिसते की. झोपलेली दिसते," तो म्हणाला. मी तिकडं लक्ष दिलं नाही, कारण माझ्या डोक्यात तोवर क्लबची घटना तयार होऊ लागली होती.

झाडण्यापासून सुरुवात केली. स्नेहलनं तिची खोली झाडली, केर गोळा केला आणि माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी नेऊन ठेवला. म्हणाली, "जपानमध्ये ज्याचा वर्ग त्यानं झाडायचा ना पप्पा? इथून पुढं तुमचा वर्ग." मग मी माझी खोली झाडली. माझ्या पाठीत उसण भरली.

क्लबसाठी मी लेझीम निवडली. लेझीम आपली आहे, तिला मैदानाखेरीज काही लागत नाही, आणि शाळेत असताना मी दुसऱ्या रांगेत होतो. जागेसाठी सोसायटीचा हॉल मागायचा ठरलं. अर्ज सेक्रेटरीकडे करायचा असतो. सेक्रेटरी मीच आहे. तेव्हा मी माझ्याकडेच अर्ज केला, माझ्याच सहीनं पोच घेतली आणि अडकलो. मंजुरीला सभा लागते. सभेला गणपूर्ती लागते. आणि आमच्या कॉलनीत गणपूर्ती फक्त नळाला पाणी आलं नाही तरच होते. नेमकं त्या आठवड्यात पाणी धो धो येत होतं. पाटबंधारे खात्यातल्या माणसावर अशी वेळ यावी याचं मला वाईट वाटलं.

शेवटी मोकळ्या प्लॉटवर क्लब सुरू झाला. पहिल्या दिवशी पोरांची चांगली गर्दी जमली. मी शिट्टी मारली, पवित्रा सांगितला, आणि तेवढ्यात गणिताच्या क्लासची दोन पोरं सायकलवर टांग टाकून गेली. दुसरा पवित्रा सांगेपर्यंत इंग्रजीची गेली. मग सायन्सची. प्रत्येकाच्या क्लासची वेळ निराळी. कुणीतरी येत होतं, कुणीतरी जात होतं, आणि लेझीम एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होती. धाकट्यांनी थोरांचं ऐकायचं हा जपानी नियम मी आठवीतल्या सम्राटला समजावून सांगितला. त्याला तो फार आवडला. त्यानं पाचवीतल्या पोराला कुरकुऱ्याचा पुडा आणायला दुकानात पाठवलं.

तिसऱ्या पवित्र्याला मी मागं वळून पाहिलं, तर प्लॉटवर मी एकटा होतो. म्हणजे स्नेहल होती, पण बांधावर बसून शेंगदाणे खात होती. लेझमेचा आवाज ऐकून मागच्या गल्लीतले एक आजोबा कुणाची मिरवणूक आली म्हणून टोपी घालून फाटकात येऊन उभे राहिले होते. समोरच्या गॅलरीत खर्डे सर होतेच. मध्येच थांबलो असतो तर जास्त वाईट दिसलं असतं, म्हणून मी चौथा पवित्रा पूर्ण केला.

"पप्पा, तुमचा डावा पाय चुकतोय," स्नेहल म्हणाली.

घरी आलो तर शुभांगी दारात हात पुसत उभी होती. "झालं तुमचं जपान?" तिनं विचारलं. मी पाठ धरून पायरीवर बसलो. "आता माझ्या भावाचं ऐका जरा." आणि तिनं ह्यूस्टन लावलं.

"दाजी, तुम्ही पोरीला घोळक्यात कशाला कोंबताय?" रामहरी म्हणाला. "इथं दुपारीच शाळा सुटते. पिवळ्या बसनं पोरं घरी. मग ज्याचं त्याचं. कुणी बास्केटबॉल, कुणी नाटक, मोसम बदलला की खेळ बदलला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम. आमचा पार्थ आइस्क्रीमच्या दुकानात काउंटरला उभा राहतो. अहो, डॉक्टरांची पोरं इथं हॉटेलात टेबलं पुसतात! स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकतात. कॉलेजवाले पण विचारतात, काय काम केलंस म्हणून."

"आता आहे का तो घरी? बोलू दे की," शुभांगी म्हणाली.

"घरी कुठला? गाडी शिकल्यापासून तो जेवायला पण नसतो." रामहरी हसला. फार मोठ्यानं हसला नाही.

शुभांगीनं मात्र मनाशी पक्कं केलं. काम! पण श्रीरामपुरात आइस्क्रीमच्या दुकानात डॉक्टरची पोरगी काउंटरला उभी राहिल्याचं कुणी पाहिलेलं नाही. विचार करता करता तिला गोजरबाई आठवली. शाळेच्या रस्त्यावर बेलापूरच्या गोजरबाईची रसवंती आहे. बाई स्वच्छ, तोंडानं फटकळ, मनानं चांगली. माझी सासू भामाबाई आणि ती लांबच्या नात्यातल्या, त्यामुळे ओळख होतीच.

गोजरबाईनं ऐकलं आणि हातातला ऊस खाली ठेवला. "वैनी, खरं सांगा, काय झालंय घरात?"

"काही नाही हो. अमेरिकेत मुली असंच करतात."

"आमेरिकेत करत असत्याल. हितं कोन करतं? पगार काय द्यायचा मी?"

"पगार नकोच. एक ग्लास रस द्या. अनुभव म्हणून."

"अनुभवाला माझ्याकडं काय हाय? माश्या हायेत," गोजरबाई म्हणाली. पण स्नेहलनं तोवर फडकं उचलून बाकडं पुसायला घेतलं होतं.

मला कबूल करणं जड जातं, पण पोरगी खुलली. रोज येताना अंगाला आल्याचा आणि उसाचा वास. ताटावर बसली की सुरू. कुठल्या सरांना बर्फ चालत नाही, कुठला कंडक्टर अर्धा म्हणून पूर्ण ग्लास पितो, स्टेशनवरून आलेली नवरा-बायको एका ग्लासावरून कशी भांडली. आम्ही दोघं चमचे हातात धरून ऐकत बसायचो. माझ्या लेझमेच्या क्लबनं जे साधलं नाही ते रसवंतीनं साधलं, याचं थोडं दुःख मी गिळलं. पाडवा जवळ आला होता आणि लातूरचं नाव कुणी काढत नव्हतं. मी मनात अमेरिकेचे आभार मानले. मोठ्यानं मानायची गरज नव्हती.

पण गाव गप्प बसतं होय? आधी भाजीवाल्यानं मला कोथिंबिरीची जुडी न मागता घातली आणि म्हणाला, "राहू द्या साहेब, दिवस येतात-जातात." मी ती घेतली, कारण मला कळलंच नाही. मग ऑफिसात साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, "पटारे, शेअरबाजारात वगैरे काही झालं असेल तर लपवू नका." मी म्हणालो, मी शेअरबाजारात नाही. "हेच म्हणतात सगळे आधी," साहेब म्हणाले आणि मला चहा पाजला. गेल्या कित्येक वर्षांत साहेबांनी मला चहा पाजलेला नव्हता. खर्डे वहिनी आमटीचा डबा देऊन गेल्या. परत द्यायला गेलो तर भरून दिला.

कळस केला तो सासूबाईंनी. अकोले-श्रीरामपूर एस.टी.तून त्या तांदळाचं पोतं घेऊन उतरल्या. पोतं कंडक्टरच्या मदतीनं रिक्षात, रिक्षातून माझ्या खांद्यावर. जपाननं मोडलेली पाठ अमेरिकेपायी पुन्हा कामाला लागली. घरात शिरताच त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"जावईबापू, नोकरी गेली तर गेली. आमी काय मेलो न्हाई आजून. पर नातीला रस इकायला बसवलं? गोजरीनं फोन करून सांगितलं तवा माझ्या घशाखाली घास उतरंना."

"आई, नोकरी आहे! ती अनुभवासाठी जाते!" शुभांगी म्हणाली.

"कसला अनुभव?"

"रामहरीनंच सांगितलं. त्याचा पार्थ पण दुकानात काम करतो."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "म्हंजी त्याचीबी नोकरी गेली?"

त्यांना हे समजावण्यात अख्खी दुपार गेली. समजलं की नाही ठाऊक नाही, कारण त्यांनी पोतं परत नेलं नाही. आणि तेवढ्यात गोजरबाईचा फोन आला. "दाजी, पळत या. सरकारी गाडी आलीय. पोरीला नाव-गाव इचारत्यात."

मी आणि शुभांगी स्कूटरवर बसलो. वाटेत तिनं माझ्या खांद्याला इतकं घट्ट धरलं होतं की माझं ब्रेकवर लक्ष लागेना. रसवंतीपुढं पांढरी जीप उभी. बालकामगारांसाठी फिरणारं पथक होतं. कुणा दयाळू माणसानं कळवलं होतं, की नोकरी गेलेल्या एका बापानं मुलीला कामाला जुंपलंय. पथकाच्या प्रमुख मोनिका साळवे मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. स्नेहल त्यांना रस देत होती. तेवढंच मला बरं वाटलं.

"वडील तुम्ही? काय करता?"

इथं मी चूक केली. रुबाबात ओळखपत्र काढून पुढं केलं.

"म्हणजे शासकीय कर्मचारी! आणि मुलगी कामावर?" मॅडमनी पेन उघडलं. माझ्या डोळ्यांपुढं निलंबनाचा आदेश तरळला. भाजीवाला काळाच्या पुढं होता म्हणायचं.

"मॅडम, हे अमेरिकन पद्धतीनं चाललंय," मी म्हणालो. "त्याआधी जपानी होतं."

मॅडमनी सोबतच्या शिपायाकडं पाहिलं. शिपायानं माझ्याकडं पाहिलं.

"मला मधी घेऊ नगा," गोजरबाई म्हणाली. "मी पगार दिल्याला न्हाई. चरकाला हात लावू दिल्याला न्हाई. पोर ग्लास इसळती आन गिऱ्हाइकाशी गप्पा हानती. तेवढाच तिचा गुन्हा."

"वय किती मुलीचं?"

चौदा पुरे होऊन वर काही महिने. पण मॅडमना पुरावा हवा. आधार कार्ड काढलं, तर त्यावर जन्मसाल चुकीचं. पोरगी एकदम बारा वर्षांची निघाली. ते दुरुस्त करायचं म्हणून मी किती वर्षं म्हणत होतो ते शुभांगीनं तिथंच सर्वांसमक्ष सांगितलं. मी घरी जाऊन जन्मदाखला आणला, तर त्यात नावाची जागा कोरी. शेवटी शाळेच्या क्लार्कनी रजिस्टर पाहून फोनवर सांगितलं, तेव्हा कुठं माझ्या मुलीला तिचं वय परत मिळालं.

मॅडम जरा सैल झाल्या. "ठीक आहे. कायद्यातून सुटताय. पण मुलीचं म्हणणं वेगळं घ्यावं लागतं. तुम्ही दोघं तिकडं जीपच्या मागं उभे राहा."

आम्ही जीपच्या मागं उभे राहिलो. येणारे-जाणारे बघत होते. शाळेची पोरं सायकली थांबवून बघत होती. एवढ्यात त्यांनाही क्लासला जायचं नव्हतं हे विशेष. काचेतून मला स्नेहल दिसत होती. मॅडम काहीतरी विचारत होत्या आणि ती मान खाली घालून बोलत होती. माझ्याशी बोलताना ती मान खाली घालत नाही. मला भीती वाटली. नोकरीची नाही. ती काय सांगत असेल याची.

मॅडमनी हाक मारली. समोर कागद होता. त्यांनी तो सरकारी आवाजात वाचला. "मला कामाचा त्रास नाही. बाई चांगल्या आहेत. शाळा बुडत नाही. घरी मारत नाहीत. घरी काही त्रास आहे का असं विचारलं असता मुलीनं सांगितलं, की हो, आहे. पाडव्यानंतर मला लातूरला पाठवणार आहेत. मला जायचं नाही. आईपप्पांना सांगता आलं नाही, कारण त्यांना फार पाठवायचंय."

रसवंतीच्या चरकाचं इंजिन कुणीतरी बंद केलं होतं, त्यामुळं सगळं स्वच्छ ऐकू आलं.

मी शुभांगीकडं पाहिलं. मला वाटलं ती चिडेल. तर तिचे डोळे भरलेले. ती माझ्यावरच उखडली. "ऐकलंत? तुम्हाला फार पाठवायचंय म्हणे!"

"मला?" मी म्हणालो. "मला कुठं पाठवायचंय? तू म्हणालीस बघू या!"

"तुम्ही सांगत आलात म्हणून मी बघू या म्हणाले! मला वाटलं तुमचं ठरलंय. मी तर तिला गोजरबाईकडं धाडली ती कशासाठी? ती कामात दिसली म्हणजे तुम्ही लातूर विसराल म्हणून."

"आणि मी ती लेझीम कशासाठी खेळलो?"

मॅडम एकदा हिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. सासूबाई रिक्षा करून मागोमाग आल्या होत्या, त्यांनी नातीला कुशीत ओढलं होतं. स्नेहल रडत होती आणि हसत होती. मला इतकं हायसं वाटलं, की मी रस्त्यातच उसाच्या मोळीवर बसलो. गोजरबाईनं न विचारता आलं-लिंबू घालून ग्लास हातात दिला.

"मग काय लिहू?" मॅडमनी विचारलं.

"लिहा," शुभांगी म्हणाली, "की मुलगी घरीच राहील."

मॅडमनी ते लिहिलं. खाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. आयुष्यात कुठल्या कागदावर मी इतक्या आनंदानं सही केलेली नाही. जाताना मॅडम म्हणाल्या, रसवंतीत आली तर गिऱ्हाईक म्हणून येऊ द्या, आणि आपला नंबर देऊन गेल्या. त्यांची जीप लांब गेली तरी गोजरबाई पुटपुटत होती, "रसाचे पैसे घेतले न्हाईत मी त्यांच्याकडून. लई भली बाई."

आता उरले खर्डे सर. त्यांना तोंड कसं दाखवायचं याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. शब्द टाकला होता त्यांनी हॉस्टेलवाल्यांकडं. आम्हाला पोरीवाचून करमणार नाही म्हणून रद्द केलं असं सांगितलं असतं तर त्यांनी मला गॅलरीतून आणखी पाच वर्षं पाहिलं असतं. ते फाटकात उभेच होते.

"काय पटारे, गाडी आली होती म्हणे? आणि लातूरचं काय, कळवू का त्यांना?"

मी खाकरलो. "सर, जमायचं नाही. शासनाचा आदेश आहे. मुलीचं म्हणणं नोंदवून घेतलं त्यांनी, तिला जायचं नाही म्हणाली. आता लेखीच झालंय. आम्ही नवराबायको सही करून बसलोय. हात बांधले गेले."

मला वाटलं आता सर आजकालच्या मुलांवर बोलतील. ते बोलले नाहीत. त्यांनी मागं वळून आपल्या घराकडं पाहिलं. खर्डे वहिनी दारात उभ्या होत्या, हातात भरलेला डबा. त्या घरात आता दोनच माणसं जेवतात, हे माझ्या तोवर कधी डोक्यात आलं नव्हतं.

सर एक पाऊल पुढं आले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "पटारे, ते पथक… लातूरला पण जातं का हो?"

मी खिशातून मॅडमचा नंबर काढला आणि त्यांना लिहून दिला.